गुडघ्याला चिकटलेला राजा

मानोरा गावात शनिवार-रविवारची बुद्धिबळ स्पर्धा आटोपली आणि बक्षिसं वाटायच्या आधीच लोकांनी पहिल्या टेबलाभोवती गर्दी केली. तिथे गावच्या मठातले बुद्धिनाथ महाराज हात जोडून, डोळे मिटून बसले होते आणि पटावरचा पांढरा राजा आपोआप सरकत होता. एका दमात तीन घरं! राजा एका चालीत एकच घर जातो, हे महाराजांना कुणी शिकवलेलं नसावं. पंच मीच होतो, पण माझं ऐकतो कोण? लोक पाया पडत होते.

"पहिली आलेली मुलगी आमच्या अंगाऱ्यानं जिंकली," महाराज माइकवर म्हणाले. "तिच्या हातून आम्हीच खेळलो. कप मठात ठेवा. आणि यापुढे तिला खेळवू नका, विद्या उलटेल."

ती मुलगी म्हणजे रुचिका, जवळच्या तांड्यावरची, मी शिकवतो त्या सातवीच्या वर्गातली. शाळा सुटली की माझ्यासमोर डाव मांडून बसायची. आता तिला अकोल्याच्या निवड स्पर्धेला जायचं होतं. तिचा बाप फुलचंद मात्र बक्षिसांच्या टेबलावरचा कप उचलून महाराजांच्या पायाशी ठेवायला निघालाही. माझं डोकं तापलं.

"बा, थांब," रुचिका म्हणाली. "अंगारा तं साऱ्याच पोरायले लावला होता. शेवटी आला त्याच्याही कपाळावर हाये."

"शंका घेऊ नये, बाळ. राजा चालताना पाहिलास ना?"

"पाह्यला. आता माह्या राजाले चालवा."

तिने पिशवीतून आपला राजा काढून पटावर ठेवला. आठवडी बाजारातला, पोकळ प्लास्टिकचा, फुंकर मारली तरी आडवा होणारा. महाराजांनी मंत्र पुटपुटले, कपाळाला आठ्या घातल्या. राजा ढिम्म.

"हा राजा विटाळलेला आहे."

"विटाळला नाही, पोकळ हाये," रुचिका म्हणाली. "सरांच्या मोहऱ्यायच्या बुडात लोखंड असते, पंख्याच्या वाऱ्यानं पडू नये म्हणून. महाराज, खुर्ची मांगं घ्या, अन् मंग सरांचा राजा चालवून दाखवा."

"घ्या ना मांगं," आता फुलचंदच म्हणाला. "काहून घेत नाही?"

"आमची समाधी लागली आहे."

समाधीत गप्पा मारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

रुचिका जड राजा घेऊन टेबलाखाली वाकली आणि तो महाराजांच्या गुडघ्याजवळ नेला. टक्कन चिकटला. फुलचंदनं धोतर जरा वर सारलं. गुडघ्याला रुमालाने बांधलेलं, जुन्या स्पीकरमधलं जाडजूड लोहचुंबक! टेबल पातळ प्लायचं होतं. खाली गुडघा हलला की वर राजा हलायचा.

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. रुचिकाची आई ललिताबाई मात्र हसली नाही.

"दोन दिवस माह्या पोरीनं डोकं लावलं," ती महाराजांना म्हणाली, "अन् खेळले तुमी?"

महाराज चुंबकासकट निघून गेले. फुलचंदनं कप लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "अकोल्याले मी नेतो तुले."

मी माइक घेतला. "मंडळी, आपल्या लेकरांनी बुद्धीनं मिळवलेलं यश कुणाच्याही पायाशी नेऊन टाकू नका. चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी टेबलाखाली वाकून पाहा. प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्यानं खरं कधी खोटं होत नाही. प्रश्नाचा राग येतो तो फसवणाऱ्याला, आणि त्याला तो येऊ द्या."