बोटभर सरकलेली खुर्ची

बाई स्टुलावर चढून कॅमेऱ्याचा स्क्रू हलवून पाहत होत्या. स्क्रू घट्ट होता. खाली शिलाई कारखान्याचे मालक मान वर करून उभे होते आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावर कामगार बायका, आपला काही संबंध नसल्यासारख्या, जेवत होत्या.

"कॅमेरा हललेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग या दिसत का नाहीत? आधी सगळ्या दिसायच्या."

बाई मूळच्या हिशेबनीस. याच मालकांचे ताळेबंद त्यांनी वर्षानुवर्षं लावले होते. पण आकडेमोड आता यंत्रंच करू लागली, आणि लोकांची खासगी माहिती कशी जपायची याचा सल्ला देण्याचं काम हिशेबनिसांच्या गळ्यात पडलं. कोणाचं काय कोण पाहतं आणि कोणाला विचारून पाहतं, हे आता बाई गावभर विचारत फिरत. या वयात नवा कायदा पाठ करायचा म्हणजे शिंगं मोडून वासरांत शिरणंच होतं. पण पोट सगळं शिकवतं.

"कॅमेरा लावताना यांना विचारलं होतं का?"

"भिंत माझी, कॅमेरा माझा. त्यात विचारायचं काय?"

"जेवणाऱ्या बायका तुमच्या मालकीच्या नाहीत ना."

"बाई, तुम्ही आकड्यांतच बऱ्या होतात हो," मालक हसून म्हणाले आणि वाजणारा फोन घेऊन बाहेर गेले.

बाई खाली उतरल्या. खोलीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत फरशीवर बारीक ओरखडे होते, ते थेट बाकड्याच्या पायांशी संपत होते. सगळ्यांत वयस्कर शिलाईवालीने त्यांची नजर पकडली.

"कॅमेऱ्याला हात लावला तर मालक ओरडतील," ती हळूच म्हणाली. "बाकडं काय, झाडताना सरकतंच. रोज बोटभर."

बाकीच्या जणी तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. त्यांनी पर्समधून फोन काढला.

फोनमध्ये घर दिसत होतं. वडिलांची खोली, पलंग, आणि कडेला दोन गुडघे व वर्तमानपत्राचा कोपरा. पूर्वी खुर्ची अगदी मधोमध दिसायची. कॅमेरा कलला असेल, माणूस बोलवायला हवा, असं बाई कितीतरी दिवस म्हणत होत्या आणि विसरत होत्या. गुडघे दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मागच्या वर्षी वडील न्हाणीघरात पडले, दुपारपासून बाई घरी येईपर्यंत तसेच पडून राहिले, आणि वर म्हणाले, "तुझ्या कामात कशाला खोळंबा?" दुसऱ्याच दिवशी कॅमेरा लागला होता.

संध्याकाळी चपला काढल्याबरोबर बाई वडिलांच्या खोलीत गेल्या आणि वाकून फरशी पाहिली. ओरखडे होते.

"काय हरवलं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, खुर्ची तुम्ही सरकवलीत?"

"इकडे उजेड बरा येतो."

"इकडे कपाट आहे. उजेड खिडकीत आहे."

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"इथे काय करता मग?"

"काही नाही गं. नुसता बसतो."

"बसायचं तर तिथेही..."

"तिथे मी बसलेला दिसतो. मग तुझा फोन येतो. बाबा, मान अवघडेल. बाबा, पाणी प्या." ते ओशाळल्यासारखे झाले. "चुकतं असं नाही म्हणत मी. तुला वाईट वाटू नये म्हणून तर जरा जरा सरकवली."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा तरी कुठे धड पेटला होता.

"मला सांगायचं ना, बाबा."

"तू विचारलंस कुठे, पोरी? माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, गेला."

"काढून टाकते उद्या."

"मग ऑफिसात तुझं लक्ष लागेल?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही. "नाही लागणार," त्या म्हणाल्या. "भीती वाटते मला."

"मलाही वाटते," वडील म्हणाले.

सकाळी बाईंनी त्याच माणसाला बोलावलं. कॅमेरा होता तिथेच राहिला. फक्त तो चालू-बंद करायचं बटण भिंतीवरून खाली, खुर्चीत बसून हात पोचेल असं आणलं. वडिलांनी ते दोनतीनदा दाबून पाहिलं.

ऑफिसात बाईंनी फोन टेबलावर उभा करून ठेवला. काळा चौकोन. त्यांनी एक काम उघडलं, मिटलं. चौकोन काळाच. घरी जावं म्हणून पर्स खांद्याला लावली, पुन्हा उतरवली. तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला.

"सकाळी पाठवलेला तुमचा सल्ला वाचला," शिलाईवाले मालक म्हणाले. "त्यांना विचारा, आणि बटण त्यांच्याच हाती द्या म्हणताय. त्यांना हवं तेव्हाच दिसणार, तर तो कॅमेरा काय कामाचा? सांगा ना."

बाई तोंड उघडणार तोच चौकोन उजळला.

खुर्ची मधोमध आली होती. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, केस विंचरले होते, आणि फोटो काढायला बसल्यासारखे ते ताठ बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला कॅमेऱ्याला दाखवला. सगळं पाणी प्यायले. मग पेला पालथा करून, एक थेंबही उरला नाही, हे नीट दाखवलं. हात बटणाकडे गेला. चौकोन काळा झाला.

"हॅलो? बाई? काय कामाचा म्हणतो मी!"

बाईंनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी जरा पाणी पिते."