ओवा वासावर भाजायचा

"आई, तुम्ही शिंकलात?"

"मी? शेजारची शिंकली असंल."

शेजारचा फ्लॅट दिवाळीपासून बंद होता. पण करिष्माला ऑफिसला उशीर होत होता, म्हणून तिनं सासूची ही थाप खपवून घेतली. पाळण्यातल्या रुहीच्या गालाला हात लावत ती म्हणाली, "हिला ऑलरेडी सर्दी आहे. तुम्हालाही झाली असेल तर आत्ताच सांगा. पाळणाघरात बोलून ठेवलंय मी."

"मना काय नाय झालं. जा तू."

दार लागलं आणि वेणूबाईंनी पदरात तोंड खुपसून मनसोक्त शिंकून घेतलं.

सर्दी, आणि तीही वेणूबाईंना! एके काळी हिवाळा आला की अर्धं खरवई गाव त्यांच्या ओट्यावर असायचं. कुणाला गवती चहाचा काढा, कुणाला हळदीचं दूध, तान्ह्या पोरांना ओव्याचा शेक. आता त्या ओट्याच्या जागी इमारत उभी होती आणि तिच्यातच त्यांना फ्लॅट मिळाला होता. लिफ्ट असूनही औषध विचारायला वर कुणी येत नव्हतं. उरली होती एकटी रुही. ती दिवसभर जवळ असायची म्हणून दिवस जायचा. ती पाळणाघरात गेली तर या भिंतींकडे बघत बसायचं की काय, या विचारानं वेणूबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून त्यांनी सगळे उपाय एकदमच सुरू केले. काढा प्यायल्या, वाफ घेतली, मिठाच्या गुळण्या केल्या, परत काढा. नाक काही उघडेना. खिडकीपाशी जायच्या, पाळण्यापाशी यायच्या, परत स्वयंपाकघरात. बूड कुठे टेकत नव्हतं.

दुपारी रुहीचंही नाक चोंदलं आणि ती किरकिरायला लागली. वेणूबाईंनी तव्यावर ओवा टाकला. ओवा भाजायचा तो वासावर. पहिला झणका नाकात गेला की तवा खाली, असं त्यांच्या सासूनं शिकवलेलं. तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. वास आला की उठू म्हणून त्या स्वयंपाकघराकडे पाठ करून तिला थोपटत बसल्या. बसूनच राहिल्या.

रुही खोकायला लागली. खोकता खोकता लालबुंद झाली, तेव्हा वेणूबाईंनी मागे वळून पाहिलं. घरभर धूर झाला होता. त्या तव्याकडे धावल्या, आणि त्याच वेळी करिष्मा हाफ डे घेऊन दारात उभी.

"आई! खाली लिफ्टपाशी वास येतोय जळल्याचा! तुम्हाला येत नाही?"

येतोय म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"नाय येत," वेणूबाई म्हणाल्या. "सकालपासून नाक बंद हाय माजा."

करिष्मा पोरीला घेऊन गॅलरीत गेली. खोकला हळूहळू थांबला. करिष्मा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पोरीची पाठ चोळत राहिली. वेणूबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"उद्या पालनाघरात ने तिला," त्या म्हणाल्या.

"तुमची सर्दी जाईपर्यंतच, आई."

"सर्दी जाईल गो. पन मी खोटा बोलले. परत बोलन. ही जवल रावी म्हनून काय पन बोलन मी."

करिष्मानं पाळणाघरात फोन लावला.

सकाळी पाळणाघराच्या दारात वेणूबाई तोंडाला रुमाल बांधून दोन हात लांब उभ्या होत्या. तिथल्या बाईंनी रुहीला कडेवर घेतलं, शेंबूड पुसला आणि विचारलं, "आजी, सर्दीवर घरचं काही करता का तुम्ही? शेक वगैरे? सांगा, आम्ही करू."

करिष्मानं सासूकडे पाहिलं.

"नको," वेणूबाई म्हणाल्या. "डाक्टरनी थेंब दिलेत. तेवढेच घाला."

बाई रुहीला आत घेऊन गेल्या. करिष्मा म्हणाली, "थांबा, रिक्षा बघते." पण वेणूबाई केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या. घरी काहीच काम नव्हतं, तरी त्या झपझप चालत होत्या.