चिबुवेच्या भरावावरची वाघीण

मित्रांनो, मी एक जुनी वाघीण आहे. दचकू नका! मला नखे नाहीत आणि पट्टेही नाहीत. मी मालगाडीची वाघीण. चार पोलादी भिंती, खाली आठ चाके आणि वर छप्पर म्हणून उघडे आभाळ.

बुलावायोच्या कारखान्यात माझे पत्रे ठोकले गेले. झांबेझीचा पूल ओलांडून मी इकडे आले आणि झांबियाचीच झाले. झाकलेल्या वाघिणींचा तोरा मोठा. साखर, सिमेंट, कापड असा भिजला की वाया जाणारा माल त्यांच्याकडे. माझ्या वाट्याला उन्हापावसाला न भिणारी मंडळी: कोळसा, खडी, लाकडाचे ओंडके. मक्याची पोती आलीच तर वरून ताडपत्री ओढत. कोळसा ओतला की माझ्या स्प्रिंगा करकरत, पण उत्तरेचे एन्डोला शहर येईपर्यंत मी कधी वाटेत बसले नाही. त्याचा मला अभिमान होता. तरी खरा अभिमान वाटावा असे काम पुढे यायचे होते.

एका वर्षी काफुए नदीला असा पूर आला की सगळा सपाट मुलूख तळ्यासारखा दिसू लागला. चिबुवे गावात पाणी शिरले. गावकरी गुरांसकट रुळांलगतच्या मातीच्या धक्क्यावर येऊन बसले. एरवी तिथून आमच्यात ऊस चढवत. आता त्या धक्क्याच्या कडाही ढासळू लागल्या होत्या. रस्ते पाण्याखाली गेले होते, होड्या पोचत नव्हत्या. उरला होता फक्त रुळांचा भराव, पण त्यावरूनही पाणी वाहत होते, त्यामुळे गुरे, पोरे आणि म्हातारी माणसे पायी निघू शकत नव्हती.

मी नुकतीच खडी टाकून रिकामी झाले होते. सितुंबेको ड्रायव्हरने मला इंजिनाच्या पुढे घेतले आणि ढकलत नेले. वाटेत भरावाखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीपाशी रूळ सांभाळणारा मुकादम हाकालिमा लाल निशाण हलवत उभा होता.

“पुढे नको! भराव आतून पोखरलाय. तुझं इंजिन आलं तर मोरीसकट खाली जाईल.”

“आणि ही एकटी वाघीण गेली तर?”

हाकालिमाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “रिकामी जाईल. भरून एकदा परत येईल. दुसरी खेप नाही जमायची.”

सितुंबेको खाली उतरला आणि त्याने माझी कडी सोडली. मग तो, मुकादम आणि त्याची माणसे यांनी मला खांदे लावले. मित्रांनो, आयुष्यभर मी इंजिनांच्या जोरावर धावले. माणसांच्या बळावर त्या दिवशी पहिल्यांदाच एवढी वाट चालले.

धक्क्यावर माझी दारे खाली पाडली. लेकुरवाळ्या बाया आणि म्हातारी माणसे चढू लागली. नामूंगा आजी मात्र आपल्या गुरांतल्या एका गाईच्या गळ्यात हात टाकून तिथेच उभी राहिली.

“आजी, चल लवकर. आधी माणसं,” सितुंबेको म्हणाला.

“तू लोझी ना रे? तरीच! तुझ्या पणज्यांनी आम्हा टोंगांची गुरं हाकून नेली, आणि उरलेली तू मगरींना घालतोस!”

टोंगा आणि लोझी या दोन जमातींची ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्यांची. अशा वेळीही धक्क्यावर हशा पिकला.

“आजी, माझ्या पणज्यांनी नुसती गुरं नेली, मालकिणीला हात नाही लावला. शहाणे होते ते!”

“हसून घे. पण पाणी ओसरल्यावर नांगर कशानं ओढू मी? तुझ्या इंजिनानं?”

हशा थांबला. बैल नसले तर मका नाही, आणि मका नसला तर पातेल्यात न्शिमाची उकड नाही, हे साऱ्यांना ठाऊक होते. सितुंबेकोने माझ्याकडे पाहिले. मी झाकलेली असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझ्या डोक्यावर काहीच नव्हते!

“गुरं तळाला!” तो ओरडला. “पोरं गुरांच्या पाठीवर, बाकीचे भिंतींवर बसा. धडधाकट असतील ते ढकलायला!”

गुरे दाटीवाटीने चढली. एक तांबडा बैल तेवढा दारात अडला. सितुंबेकोने त्याला मागून रेटा दिला आणि शेणाने माखून निघाला.

“घे, टोंगा बैलाचा आशीर्वाद!” आजी भिंतीवरून म्हणाली.

परतताना मोरीपाशी माझ्या डाव्या चाकांखालचा रूळ खचला. मी कलले. भेदरलेली गुरे डावीकडेच रेटली गेली. आणखी थोडे वजन सरकते तर मी आडवी झाले असते. ढकलणाऱ्यांचे पाय चिखलात घसरत होते. चाकांच्या कडांनी मी रूळ धरून ठेवला. याहून जास्त माझ्या हाती नव्हते.

आजी मात्र ओरडली नाही. उजव्या भिंतीवर बसून तिने एकेका गाईला नावाने हाक मारली, रोज धारेच्या वेळी मारायची तशी, सावकाश. पहिली गाय वळली. तिच्यामागून दुसरी वळली. तांबडा बैलही कान हलवत सरकला. मी सरळ झाले.

“रेटा!” हाकालिमाची आरोळी आली आणि मी पार झाले.

इंजिनाला कडी जोडेपर्यंत मागचा भराव वाहून गेला. रूळ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबत राहिले. कणग्या गेल्या, कोंबड्या गेल्या, पण माणूस एकही गेला नाही आणि गायबैलही नाही.

स्टेशनात सितुंबेकोने स्वतः बादल्या ओतून मला धुतले. “कोपरे राहिले रे, लोझी!” आजी बाजूला उभी राहून सांगत होती. पाणी ओसरल्यावर नव्या भरावाची खडी मीच वाहिली, आणि तो भराव आधीपेक्षा उंच झाला.

मित्रांनो, आता मी पुष्कळदा बाजूच्या रुळांवर उभी असते. उघडी दिसते म्हणून लोक माझ्यात साली आणि पिशव्या टाकतात. त्याने पाणी निचरायची माझ्या तळाची भोके बुजतात, पाणी साचते. कोळशाने, खडीने, उन्हाने माझे काही वाकडे केले नाही, पण हे साचलेले पाणी मला खाते. म्हणून एवढेच करा. मला उकिरडा समजू नका, आणि बुजलेले भोक दिसले तर काडी घालून मोकळे करा. माझा तळ शाबूत राहिला, तर लागेल तेव्हा मी आणखी एक गाव पोटात घेऊन येईन.