हलू नका म्हटलेले नाना

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला टेकायला भिंत मिळते, गोष्ट मात्र पुढच्यालाच मिळते. आज एका कॅमेऱ्याचं आख्यान लावतो. त्याच्या दुखण्याचं निदान करायला अख्खं घर बसलं होतं. पुढे काय झालं ते ऐका.

आमच्या समोरच्या घरात नाना राहत. जन्म गेला तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात. शिडी लावायची, काच पुसायची, गेलेला दिवा बदलायचा आणि खाली उतरून एकदा मान वर करून बघायचं. हेच त्यांचं काम, आणि मला विचाराल तर हीच पूजा. निवृत्त झाले तरी दिवेलागणीला दारात उभे राहून सगळे दिवे लागले का ते बघितल्याशिवाय घास घेत नसत.

एके दिवशी खात्याची माणसं सांगून गेली, की उद्या सकाळी हे पिवळे दिवे उतरवणार आणि पांढरे चढवणार. ज्या माणसाने कधी कुणाकडे पाण्याचा पेलाही मागितला नाही, त्याने संध्याकाळी जावयापुढे शब्द टाकला.

"जावईबापू, तुमच्या कॅमेऱ्यात आज आपली गल्ली घ्याल का? उद्यापासून हा उजेड दिसायचा नाही."

जावईबापूंची छाती फुगली. कॅमेरा भारीतला होता. त्याचं माहितीपुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, कारण पुस्तक नवशिक्यांनी वाचायचं, असं त्यांचं मत.

पहिला फोटो त्यांनी फ्लॅश टाकून काढला. फाटकावर लखलखाट झाला आणि मागे गल्लीच्या जागी काळंकुट्ट.

"फाटक छान आलंय, दाजी," नानांचा मुलगा म्हणाला. "विकायला काढलंय का?"

फ्लॅश बंद करून दुसरा काढला, तर हात हलला आणि दिव्यांच्या जागी पिवळ्या गांडुळांची मिरवणूक उमटली. मग तिवई आली. रस्त्याच्या समोरच्या कडेला ती रोवून जावईबापूंनी कॅमेरा अर्ध्या मिनिटावर लावला, म्हणजे तेवढा वेळ त्याने उजेड पीत राहायचं.

"नाना, त्या दिव्याखाली उभे राहा. आणि हलू नका हं, अजिबात!"

नाना उभे राहिले. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाने कॅमेरा खट् वाजला, पण फोटो काही दिसेना. पडदा काळाच. एक बारीक लाल दिवा तेवढा लुकलुकत होता.

"अडकला," जावईबापूंनी जाहीर केलं, आणि बॅटरी काढून पुन्हा घातली. कॅमेरा जागा झाला, फोटो मात्र नव्हता. पुन्हा बटण, पुन्हा खट्, पुन्हा काळा पडदा, पुन्हा बॅटरी.

"अहो, गार पडला असेल. पदराखाली धरू का?" लेक म्हणाली.

"दृष्ट लागली असेल," नानांच्या पत्नी माई दारातून म्हणाल्या.

"दाजींचीच लागली. दिवसभर पुसत असतात," मुलगा म्हणाला.

आणखी दोनदा तेच झालं. शेवटच्या वेळी बटण दाबून जावईबापूंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मेला हा. उद्या दुकानात नेतो."

"चहा झालाय," माईंनी हाक मारली. "उद्याचं उद्या!"

रस्ता ओलांडून सगळे तरातरा घरात गेले, मागोमाग मीही. जाताना कॅमेऱ्यासमोरून आपण एकेक करून गेलो, याचं भान कुणालाच नव्हतं. लेक म्हणाली, "अहो, तो बाहेरच राहिला." त्यावर भाऊ म्हणाला, "राहू दे. बंद पडलेला कोण नेतोय!"

चहावर मग हा दोष कंपनीचा की दुकानदाराचा, यावर चांगलं रण माजलं. कप रिकामे झाल्यावर माईंच्या लक्षात आलं, की एक कप तसाच आहे.

जावईबापू तिवई उचलायला बाहेर आले. पाहतात तर दिव्याखाली नाना. हात शरीराला चिकटलेले, मान ताठ.

"नाना! तुम्ही अजून इथेच?"

नानांनी ओठसुद्धा जेमतेम हलवले. "हलू नका म्हणालात. आता हला असं कोणी म्हटलंच नाही."

गडबडीत जावईबापूंचा अंगठा कॅमेऱ्याच्या कुठल्याशा बटणावर पडला आणि पडदा उजळला.

गल्ली होती. सगळे पिवळे दिवे ओळीने होते, ओल्या हळदीसारखा उजेड दगडांवर सांडलेला. आणि मधोमध नाना. बाकी कुणीच नाही. अर्ध्या मिनिटात लगबगीने समोरून गेलेली चार माणसं कॅमेऱ्याने हिशेबातच धरली नव्हती. जो थांबला तोच उमटला.

जावईबापूंनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. त्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "अहो साहेब, अंधारातला फोटो काढला, की पुढे तेवढाच वेळ कॅमेरा तो स्वच्छ करत बसतो. तोवर पडदा काळाच. तुम्ही मध्येच बॅटरी तर नाही ना काढलीत?"

"छे, छे! असं कोण करेल?" जावईबापू म्हणाले, आणि मेहुण्याकडे पाठ फिरवली.

नानांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. स्वतःकडे नाही.

"तिसरा दिवा मंद दिसतोय," ते म्हणाले. "काच पुसायला हवी."

"नाना, सकाळी काढणार आहेत तो!"

"सकाळी त्यांचा. आता माझा आहे." आणि शिडी आणायला ते आत वळले. त्यांना अडवायची छाती कुणाला झाली नाही. मुलाने मुकाट्याने शिडी धरली.

तो फोटो आज त्यांच्या बैठकीत मोठा करून लावलाय. येणारा प्रत्येकजण विचारतो, "वा! कुणी काढला?" जावईबापू नम्रपणे सांगतात, "मीच." खोटं नाही ते, बटण त्यांनीच दाबलं होतं. नाना आता नाहीत. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे, मंडळी: देवापुढे दिवा लावून हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या माणसाची आठवण काढा, ज्याला हला म्हणायचं आम्ही सगळेच विसरलो.