रोजची एक ओळ

मी डायरी बोलतेय. लाल पुठ्ठ्याची, अंबडच्या एका बियाण्यांच्या दुकानात फुकट वाटलेली. फुकटची म्हणूनच भागवतरावांनी उचलली आणि माझं नशीब फुटलं.

भागवतरावांना पुढारी व्हायचं होतं. ग्रामपंचायतीचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, म्हणून यांनी बायकोला, नंदाबाईला, उभं केलं. निवडून ती आली, हार यांनी घालून घेतला. सभेत हे बोलायचे; ती घरी बसून अंगठा द्यायची.

माझ्या पहिल्या पानावर यांनी लिहिलं, 'रोज पेपर वाचणे. रोज एका वस्तीवर जाणे. तंबाखू बंद.' संध्याकाळपर्यंत त्याच ओळींवर तंबाखूचे डाग. पुढची सगळी पानं कोरी. असल्या माणसाची मला किळस येते.

ती कोरी पानं नंदाबाईनं हेरली. भाकरी झाल्या की चुलीपाशीच बसून ती लेकीनं, आकांक्षानं, काढून दिलेली एक ओळ गिरवायची. तिचा पहिला वाकडातिकडा 'न' पाहून मी नाक मुरडलं. ही पण चार दिवसांची हौस! पण बाई हटली नाही. कापूस वेचून बोटं सोलली तरी एक ओळ. अंगात ताप असला तरी एक ओळ.

"काय गिरगोट्या करून राह्यली? कलेक्टर व्हती का आता?" भागवतराव खिदळायचे.

"न्हाई. अंगठा कशावर देते, ते कळाया पाह्यजे."

दीड वर्षानं ठरावाचा कागद घरी आला. "जल्दी अंगठा दे, पाण्याच्या टाकीचा हाय," भागवतराव म्हणाले. तिनं कागद उजेडात धरला. बोट ठेवत, अडखळत वाचला. शाळेच्या मैदानावर दुकानाचे गाळे बांधायचे होते. त्यातला एक भागवतरावांच्या भावाला.

"मंग ह्याच्यात टाकी कुठं हाय?"

भागवतराव चपला घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ती मला काखेत मारून स्वतः सभेला गेली. सगळ्यांसमोर उभी राहिली. "माझा इरोध लिहून घ्या," म्हणाली, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. तिचं पाहून दुसऱ्या वॉर्डातल्या पुष्पाबाई आणि आणखी एक सदस्या तिच्या बाजूला झाल्या. हजर पाचांपैकी तिघी विरोधात; ठराव पडला.

आता माझी शिवण उसवलीय, दोनच पानं उरलीत. नंदाबाईनं नवी वही आणलीय. भागवतराव पारावर सांगत असतात, "आमच्या मंडळीला मीच शिकवलं."

माझी एकच विनंती. मी संपले की मला रद्दीत द्या, नाहीतर चुलीत घाला. त्या माणसाच्या हाती मात्र देऊ नका.