मिक्सरचे साठ खोके

पूर्णा गावातल्या गोदामात स्नेहलचे उमेदवारीचे सहा महिने आज संपत होते. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मॅनेजर केदार सर संध्याकाळी सांगणार होते. अशा दिवशी बाईसाहेब दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आल्या. डब्याच्या दोन्ही खणांत वरण होतं आणि पर्समध्ये आईचा चष्मा. खारबावच्या घरून आईचा, म्हणजे चंपाबाईंचा, तिसऱ्यांदा फोन आला, "तांदूळ काय तुझ्या डोळ्यांनी निवडू?"

त्यातच मिक्सरचे साठ खोके गायब झाले. कॉम्प्युटर म्हणत होता, रांग चौथी. चौथी रांग रिकामी होती. ट्रक दारात खोळंबला होता.

"नोंद तुझी आहे, स्नेहल," केदार सर म्हणाले. "खोके मिळाले नाहीत, तर संध्याकाळच्या कायम होण्याच्या कागदाचं विसर."

सगळ्यांनी तिसरी, पाचवी, सहावी रांग पालथी घातली. स्नेहल मात्र उभी राहून विचार करत होती. रोज काहीतरी हरवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: वस्तू कुठे असायला हवी हे बघून काही मिळत नाही, ठेवणाऱ्याचा हात कुठे जातो ते बघावं लागतं.

खोके ठेवले होते वाल्मीकने. काल्हेरच्या गोदामातून येऊन त्याला तीनच दिवस झाले होते, आणि रंगकामासाठी रांगांच्या पाट्या तर तो येण्याआधीच, सोमवारी काढलेल्या.

"वाल्मीकदादा, चौथी रांग दाखवा बरं."

वाल्मीक तडक गेटाकडे निघाला. "ही काय, चौथी हाय ना! काल्हेरला गेटापासूनच मोजायचो."

इथे ऑफिसकडून मोजत, आणि रांगा होत्या वीस. वाल्मीकची चौथी म्हणजे इथली सतरावी. साठच्या साठ खोके तिथे निवांत बसले होते.

वाल्मीकचा चेहरा उतरला. स्नेहल सरांना म्हणाली, "चूक त्यांची नाही. पाट्या काढल्यावर कुठून मोजायचं, हे मीच सांगायला हवं होतं."

केदार सरांनी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग खोक्यांकडे, आणि तिथेच ट्रकच्या फळीवर कागद ठेवून सही केली.

तिने आईला फोन लावला. चंपाबाईंनी फोन हातात धरूनच ही बातमी आळीत तीन घरी सांगितली. तिसऱ्या घरापर्यंत साठाचे सहाशे खोके झाले. स्नेहल आकड्यांच्या बाबतीत काटेकोर होती, पण आज तिने आईला दुरुस्त केलं नाही.