एक मेचा ताजा भाव

रामनगरच्या त्या जिन्यावर पहिल्याच पायरीला शरदिनीला किळस आली. दोन्ही भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या, आणि त्या रंगकामाच्या मधोमध चकचकीत पाटी: ‘यज्ञेश मार्केट सोल्यूशन्स. क्षणाक्षणाचे ताजे भाव.’ पदर आवळून, भिंतीला अंग न लावता ती वर चढली. मागून धापा टाकत इंदूवहिनी, आणि सगळ्यांच्या मागे शरदिनीचे यजमान रत्नाकर. हे सगळं त्यांच्याच ओळखीने चाललं होतं.

ताजे भाव हीच शरदिनीची गरज होती. रत्नाकर बँकेतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसून आमटीत गूळ कमी की जास्त ते सांगू लागले, तेव्हा तिने खोलीचं दार लोटून घेतलं आणि मोबाइलवर बघून बघून शेअर बाजार शिकली. हात भाजले, फुंकर घातली, पुन्हा शिकली. आता सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ती बनारसला राजा घाटाजवळच्या आपल्या खोलीत बसायची. सकाळी घेतलेलं दुपारी विकून मोकळी. या कामात भाव शिळा मिळाला की माणूस संपला. आणि तिच्या ब्रोकरचं फुकटचं अ‍ॅप ऐन गर्दीत गोठायचं. बाजार पुढे निघून गेलेला, आणि ही आपली वरातीमागून घोडं घेऊन उभी.

म्हणून पैसे भरून फीड घ्यायची ठरली. म्हणजे बाजारातले भाव थेट घरात आणणारा स्वतंत्र नळच म्हणा. प्रश्न तिच्या एकटीचा असता तर सोपं होतं. पण दर रविवारी तिच्याकडे पाच मराठी बायका शिकायला यायच्या, आणि पाचींचं एकच म्हणणं होतं, “शरदिनी घेईल तीच आम्ही घेऊ.” जन्मभर दुसऱ्यांचे शब्द झेलल्यावर पन्नाशीत पहिल्यांदा तिच्या शब्दाला वजन आलं होतं. ते तिला जपायचं होतं.

तिने आधी फोन करून चौकशी केली होती. एक दिल्लीचा पोरगा कशालाही ‘बिल्कुल मॅम’ म्हणत होता; उद्याचे भाव आज देतोस का विचारलं असतं तरी तो बिल्कुल म्हणाला असता. दुसरा मुंबईच्या एका कंपनीतला, रडक्या आवाजाचा. “प्रत्येक सौदा दिसणार नाही. सेकंदाला एक-दोनदा भाव बदलेल. तुमच्या इंटरनेटमुळे होणारा उशीर आमच्या हातात नाही. फॉर्म भरावा लागेल, दोन दिवस लागतील.”

“हा माणूस विकायला बसलाय की नाही म्हणायला?” रत्नाकर म्हणाले. “सोड. आपला यज्ञेश आहे ना रामनगरला.”

‘आपला’ म्हणजे घरात मराठी बोलणारा आणि ज्याची आई हळदीकुंकवाला येते असा. काशीतल्या चाळीस मराठी घरांचा डॉक्टर, विम्याचा एजंट आणि कार्याचा आचारी याच एका परीक्षेत पास होऊन आलेला असतो. शरदिनीला ही परीक्षा कधीच पटली नव्हती. तरी भाव पळताना बघायचे म्हणून त्या दिवशीचे सौदे सोडून ती सकाळीच रिक्षात बसली. तो शुक्रवार होता, मेची पहिली तारीख. पुलावर नेहमीसारखाच जाम, दुकानं उघडी, शाळेच्या गाड्यांची पोंपों चाललेली.

वर एसीची खोली होती. भिंतीवर भला मोठा पडदा आणि त्यावर हिरवे-लाल आकडे उड्या मारत होते.

“या काकू! बसा, काका. लस्सी मागवू?” यज्ञेश वाकून पाया पडला. “आता तुमचं अ‍ॅप उघडा. शेजारी धरा. काय दिसतंय?”

शरदिनीने मोबाइल उघडला. आकडे जागच्या जागी. तिने बोटाने खाली ओढलं, पुन्हा ओढलं. ढिम्म.

“गोठलं मेलं परत,” ती म्हणाली.

“आणि आमचं?” यज्ञेशने पडद्याकडे हात केला, नटीची ओळख करून द्यावी तसा.

“बघा वहिनी, कसं पळतंय!” शरदिनीच्या तोंडून निघून गेलं.

“मग झालं तर,” इंदूवहिनींनी हात झटकले. बाई मास्तरकीतून निवृत्त झालेल्या. पेन्शनीत भर घालायला बाजारात उतरणार होत्या. “तू हो म्हणालीस ना? सोमवारी आम्ही पाचीजणी पैसे भरतो.”

संध्याकाळी शरदिनी कणीक मळत होती, तेव्हा पुण्याहून लेकीचा, मधुराचा फोन आला. मागे पोरांचा धिंगाणा.

“आज ऑफिस नाही का गं?”

“सुट्टी ना आई. महाराष्ट्र दिन! तुलाही आज आरामच असेल. बाजार बंद.”

शरदिनीचे हात परातीत तसेच राहिले.

बनारसला एक मेची सुट्टी कोण पाळतो? पण बाजार मुंबईचा. दरवर्षी त्या दिवशी बंद असतो, हे तिला ठाऊक होतं. ब्रोकरने तसा निरोपही धाडला असणार. पण ‘कर्ज घ्या, कर्ज घ्या’ या रोजच्या टुमण्याला कंटाळून तिने त्याचे सगळे निरोप बंद केले होते. अ‍ॅप गोठलं नव्हतंच. ते बिचारं खरं सांगत होतं. आणि पडद्यावर पळत होतं ते कुठल्या तरी जुन्या दिवसाचं रेकॉर्डिंग. चार मराठी माणसांनी मराठीत बोलत महाराष्ट्र दिनाच्या दिवशी एकमेकांना मूर्ख बनवलं होतं, आणि टाळी शरदिनीने वाजवली होती. तिला यज्ञेशची किळस आली. पण त्याहून जास्त आपल्याच त्या ‘कसं पळतंय’ची.

त्याच रात्री तिने यज्ञेशला फोनवर ‘आज एक मे होता’ एवढंच म्हटल्यावर शनिवारी सकाळी यज्ञेश लवंगलता मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर.

“काकू, दाखवायला सगळेच रेकॉर्डिंग लावतात. खरी फीड वेगळी असते.”

“मग तसं सांगायचं होतंस.”

“अहो, बाजार बंद आहे हे मलाच कुठे माहीत होतं? घरी गेल्यावर कळलं.”

“यज्ञेश, तू ताजे भाव विकतोस. आणि दिवसभर भाव आलेच नाहीत, हे तुला घरी जाऊन कळलं?”

तो जरा लाल झाला, मग हसला. “जाऊ द्या ना. तुम्हाला फीड कायमची फुकट. फक्त रविवारी बायकांपुढे हा विषय नको. दिक्कत कुणाला आहे? तुमचंही नाव राहील, माझंही.”

त्याने तिची दुखरी जागा बरोबर ओळखली होती. त्याचीच जास्त शिसारी आली. दिवाणावर पाक ओघळलेला तो पुडा तिने उचलून त्याच्या हातात परत दिला. “नेऊन आईला दे.”

तो गेल्यावर रत्नाकर हळूच म्हणाले, “ओरडा कशाला करायचा? मोजून चाळीस घरं आपण. उद्या मुंजीत त्याच्याच पंगतीला बसायचंय.”

“बसा की. मी कुठे उठवतेय?”

“तुझंच हसं होईल गं,” ते म्हणाले. आवाजात माया होती, म्हणून तिला जास्त लागलं.

रविवारी पाचीजणी जमल्या. शरदिनीने चहाच्या आधीच सांगून टाकलं. चहा झाला की जीभ मऊ पडते. बाजार बंद होता, ते रेकॉर्डिंग होतं, मला कळलं नाही, मी वाहवा केली. पैसे भरू नका.

धाकटी निवेदिता फिस्सकन हसली. बाकीच्या रुमालाच्या कडा बघू लागल्या. इंदूवहिनी मात्र तडकल्या, आणि यज्ञेशवर नव्हे.

“तुला बाजाराची सुट्टी माहीत नाही, आणि तू आम्हाला बाजार शिकवतेस?”

“खरं आहे, वहिनी.”

“खरं काय आहे! तो पोरगा पाया तरी पडतो. तू तर आमची चक्क...” वाक्य अर्धंच टाकून त्यांनी चपला घातल्या. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. रत्नाकर वर्तमानपत्रामागे होते, पण पान उलटत नव्हते.

सोमवारी शरदिनीने त्या रडक्या मुंबईकराला फोन लावला. त्याने पुन्हा त्याच सुरात काय काय मिळणार नाही ते सांगितलं. या खेपेला तिने ते कागदावर उतरवून घेतलं आणि फॉर्म भरला. दोन दिवस लागतील म्हणाला होता, दोनच लागले. निवेदितानेही तीच घेतली. इंदूवहिनींनी रामनगरची घेतली, हे चाळीस घरांपैकी निदान पंधरा घरांनी तिला आपण होऊन कळवलं.

गुरुवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ‘हॅलो’ नाही, काही नाही.

“शरदिनी, ते सिमेंटवाल्याचं... तुझ्याकडे आत्ता काय भाव आहे?”

“चारशे बारा, वहिनी.”

पलीकडून बारीक आवाजात, “माझ्याकडे चारशे सात आहे. मी घ्यायला निघाले होते.”

“हात बाजूला ठेवा. फोन ठेवू नका. चारशे बारा तुमच्याकडे कधी येतो ते बघू.”

शरदिनीच्या पडद्यावर भाव चारशे तेरा झाला, चौदा झाला, परत खाली आला. तिचाही एक सौदा तेवढ्यात हातचा गेला. तिने जाऊ दिला. पलीकडून इंदूवहिनींचा श्वास ऐकू येत होता, शाळेत परीक्षेला पहारा करताना असेल तसा. घड्याळाचा काटा एक फेरा पुरा करून दुसऱ्या फेऱ्यात शिरला.

“आला,” इंदूवहिनी म्हणाल्या. “आत्ता आला मेला.”